घराण्याचा इतिहास लिहून देणं बंद आहे

पोस्ट लांब आहे. वेळ असेल तर शांतपणे वाचा, पण अर्धी वाचून भांडायला येऊ नका.

परवाच्या गुरुवारची गोष्ट. गुरुवारी आपल्या शिरगावात काय असतं ते तुम्हाला माहितीच आहे. साईबाबांच्या मंदिराकडे गाड्यांची रांग, हार-नारळवाल्यांची गडबड, सोमाटण्याच्या बाजूने येणारी गर्दी. त्या गर्दीतून गाडी काढत होतो आणि फोन वाजला. एक ओळखीचे कार्यकर्ते. नाव घेणार नाही, कारण मुद्दा त्यांच्या एकट्याचा नाही.

म्हणाले, "दादा, भाऊंचा वाढदिवस आलाय. पुरवणी काढायचीये. एक पूर्ण पान फक्त घराण्याचा इतिहास. पणजोबा पाटील, आजोबा पोलीस पाटील, चुलते सरपंच, आता भाऊ. आणि मूळ पुरुष कान्होजी जेध्यांच्या बरोबरीचा देशमुख होता असं सुरुवातीलाच टाका. तुमच्या भाषेत, जरा भारदस्त."

मी विचारलं, "कागद आहे का काही? सनद, महजर, एखादं पत्र?"

"कागद कशाला लागतोय दादा? सगळ्या तालुक्याला माहितीये. आणि पानाचे पैसे रोख."

मी म्हणलं, जमणार नाही. फोन ठेवला. तेव्हापासून दोन-तीन लोकांचे निरोप आले की पत्रकाराला माज आलाय. म्हणून म्हणलं, एकदाच सगळ्यांना सांगून टाकतो. घराण्याचा इतिहास लिहून देणं आजपासून बंद आहे. का बंद आहे तेही सांगतो.

आधी माझी चूक. कारण मी काही धुतल्या तांदळाचा नाही.

दहा-अकरा वर्षांपूर्वी असंच एक पान मी लिहून दिलं होतं. निवडणूक तोंडावर होती, जाहिरातीचं कमिशन मिळणार होतं आणि घरात मुलीच्या शाळेची फी थकली होती. उमेदवाराच्या घरात बसून चहा घेतला, त्यांनी सांगितलं ते उतरवून घेतलं आणि वर माझ्या पदरची फोडणी दिली. "शिवकाळापासून जनसेवेचा वारसा" असा मथळा दिला. लोकांनी वाचलं, कौतुक केलं. आठवडाभराने गावातले एक म्हातारे बाबा भेटले. वर्तमानपत्राची घडी खिशातून काढली आणि विचारलं, "लेका, ही सनद तू कुठं बघितलीस?" मी काहीच बोलू शकलो नाही. पत्रकारितेच्या पदविकेत पहिल्याच महिन्यात आम्हाला शिकवलं होतं की दोन ठिकाणांहून खातरजमा झाल्याशिवाय ओळ छापायची नाही. मी एका ठिकाणाहूनही केली नव्हती. ते बाबा आज नाहीत. त्यांना उत्तर द्यायचं राहून गेलं, ते आज देतोय.

आता ज्यांचं नाव प्रत्येकाला आपल्या घराण्याला चिकटवायचंय, त्या कान्होजी जेध्यांकडे येऊ. मला खात्री आहे की पुरवणीत नाव टाका म्हणणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांनी कान्होजींची गोष्ट नीट ऐकलेली नाही. ऐकली असती तर ते नाव टाकायला घाबरले असते.

देशमुख म्हणजे काय? आज ते आडनाव आहे. तेव्हा तो हुद्दा होता. आजच्या भाषेत सांगायचं तर तालुक्याचा अधिकारी. त्याच्या हाताखाली खोऱ्यातली गावं. गावागावातले पाटील-कुलकर्णी वसूल गोळा करणार, देशपांडे हिशेब ठेवणार आणि देशमुख ते सगळं वर सरकारात पोचवणार. भांडणतंटा झाला तर गोतसभेत बसणार, पडीक जमिनी लागवडीला आणणार, वेळेला माणसं घेऊन लढायला जाणार. त्या बदल्यात वसुलातला हक्क, इनाम जमीन आणि मानपान. हे सगळं वंशपरंपरेनं. म्हणजे वतन. बाप गेला की मुलगा, काम येवो न येवो.

कान्होजी हे रोहिडखोऱ्याचे देशमुख. गाव कारी, आजच्या भोर तालुक्यात, रायरेश्वराच्या बाजूला. आपलं पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ वेगळं आणि ते खोरं वेगळं, पण सगळी बारा मावळातलीच. म्हणून आपल्याकडच्या लोकांना वाटतं की जेध्यांचं नाव घेतलं की आपणही त्यातलेच.

या घराचा इतिहास कुठल्या पुरवणीत छापून आलेला नाही. तो त्यांच्याच घरातल्या कागदांत आहे. जेधे करीना आणि जेधे शकावली. करीना म्हणजे घराण्याची हकीकत. शकावली म्हणजे तारीखवार नोंदी. कारीच्या जेध्यांकडची ही शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली छापून प्रसिद्ध झाली. शिवाजी महाराजांच्या जन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी त्यात आहे. आज आपण १९ फेब्रुवारीला मिरवणूक काढतो, डीजे लावतो, त्या तारखेला या घरानं जपून ठेवलेल्या कागदाचा आधार आहे. आणि आमचे कार्यकर्ते म्हणतात, कागद कशाला लागतोय!

त्या घरच्या हकीकतीत काय आहे? नुसता पराक्रम नाही. सुरुवातच रक्तानं आहे, आणि तेही घरातल्याच. कान्होजींचे वडील नाईकजी. वतनासाठी त्यांच्याच भाऊबंदांनी त्यांचा जीव घेतला. कान्होजी तान्हे होते. त्या बाळालाही संपवायचं होतं. ते वाचलं ते देव महाला नावाच्या घरच्या चाकरामुळं. त्यानं बाळ उचललं आणि मोसे खोऱ्यात बाजी पासलकरांच्या आसऱ्याला नेलं. पुढे पासलकरांचीच लेक कान्होजींना दिली.

विचार करा. एका तालुक्याच्या पदासाठी सख्खी माणसं एकमेकांच्या नरडीला लागली. आणि घराणं वाचवलं कुणी? ज्याला वतनात फुटकी कवडी मिळणार नव्हती त्या चाकरानं. मंडळी, एवढ्या पुरवण्या निघतात, त्यात कधी घरच्या गड्याचं, सालदाराचं नाव वाचलंय का तुम्ही? जेध्यांच्या घरानं मात्र ते लिहून ठेवलं. भाऊबंदांनी खून केला हेही लिहिलं आणि चाकरानं वाचवलं हेही लिहिलं. याला म्हणायचं घराण्याचा इतिहास. बाकीचं सगळं जाहिरात.

कान्होजी मोठे झाले, वतन परत मिळवलं, शहाजीराजांबरोबर राहिले. १६४८ साली जिंजीजवळ शहाजीराजे पकडले गेले तेव्हा कान्होजीही कैदेत पडले. १६४९ मध्ये सुटका झाल्यावर शहाजीराजांनी त्यांना मावळात पाठवलं, मुलाच्या पाठीशी उभे राहा म्हणून. आणि दहा वर्षांनी ती वेळ आली, ज्यासाठी आपण आज त्यांचं नाव घेतो.

१६५९. अफजलखान निघाला. विजापुराहून मावळच्या देशमुखांना फर्मानं सुटली की खानाला येऊन मिळा. कान्होजींच्या नावानं १६ जूनच्या तारखेचं फर्मान आहे. मजकुराचा अर्थ सरळ होता. आलात तर वतन शाबूत, नाही आलात तर वतनही नाही आणि तुम्हीही नाही. शेजारचा उत्रोळीचा खंडोजी खोपडे खानाकडे गेला. त्याच्या घरातही वतनाचं भांडण होतं, खानाच्या आधारानं ते निकालात निघेल असा हिशेब. हिशेब म्हणून बघितलं तर चुकीचा नव्हता हो. विजापूरची बादशाही एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला तिशीतला एक तरुण. शहाणपण कुठल्या बाजूला होतं ते तुम्हीच सांगा.

कान्होजी पाच मुलांना घेऊन महाराजांकडे आले. फर्मान समोर ठेवलं. महाराजांनी फसवून ठेवून घेतलं नाही, उलट बजावलं की इकडे राहिलात तर वतन जाईल, जिवाला धोका होईल, विचार करा. कान्होजींनी हातावर पाणी घेतलं आणि वतनावर सोडलं.

हातावर पाणी सोडलं म्हणजे काय, हे आपल्या भागात सांगायची गरज नाही. ते दिलं ते दिलं. ज्या वतनासाठी बापाचा खून झाला, ज्याच्यासाठी स्वतः तान्हेपणी मारले जाणार होते, ते वतन या माणसानं एका क्षणात सोडलं. म्हणून कान्होजी जेधे मोठे. देशमुख होते म्हणून नाही. देशमुख तर खंडोजी खोपडेही होता! त्याचं काय झालं तेही करीन्याच्याच आधारानं सांगितलं जातं. तो शरण आला, कान्होजींनीच मध्ये पडून जीवदान मागितलं, महाराजांनी जीव घेतला नाही पण उजवा हात आणि डावा पाय कलम केला. हुद्दा एकच, खोरी शेजारची, काळ तोच. एकाचं नाव लोक पोरांना देतात आणि दुसऱ्याचं नाव शिवी म्हणून वापरतात. फरक घराण्यानं पडला का? वागणुकीनं पडला.

पुढे दरबारात पहिल्या मानाचं पान जेध्यांकडं होतं. १६६० साली बांदलांची माणसं घोडखिंडीत पडली, बाजीप्रभू पडले. त्यानंतर तो पहिला मान बांदलांकडं गेला आणि कान्होजींनी तो खुशीनं जाऊ दिला. आज स्टेजवर खुर्ची दुसऱ्या रांगेत लागली म्हणून कार्यक्रम सोडून जाणारी मंडळी मी बघितली आहेत. तीच मंडळी म्हणतात, आम्ही कान्होजींच्या बरोबरीचे.

इथं कुणी म्हणेल, बघा, म्हणजे घराणं चांगलं असलं की माणूस चांगला निघतो. थांबा. घराण्याची गोष्ट अजून संपलेली नाही. पुरवणीत जी पुढची पानं कधीच येत नाहीत, ती आता सांगतो.

कान्होजींचे थोरले बाजी. फत्तेखानाशी झालेल्या लढाईत निशाण वाचवलं म्हणून त्यांना सर्जेराव किताब मिळाला. त्यांचा मुलगा नागोजी कर्नाटकात लढताना पडला, कारीला त्याची बायको सती गेली. हे सगळं खरं. पण महाराज गेल्यावर, संभाजी महाराजांच्या काळात मोगलांचा लोंढा आला तेव्हा याच घरातली माणसं मोगलांकडं गेली. सर्जेरावांना संभाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. वतनदार असून इमान सोडलं म्हणून त्यात चांगली खरडपट्टी काढली आहे. बापानं पाणी सोडलं आणि पुढच्या पिढीत पुन्हा वतनाची ओढ लागली. रक्त तेच, घर तेच, आडनाव तेच.

मी जेध्यांना कमीपणा आणायला हे लिहीत नाही. तो काळ अवघड होता, औरंगजेब स्वतः दक्षिणेत येऊन बसला होता, भल्याभल्यांचे पाय लटपटले. मी एवढंच म्हणतोय की इमान वारशानं मिळत नाही. जमीन मिळते, आडनाव मिळतं, वाडा मिळतो. इमान ज्याचं त्यानं कमवायचं असतं. कान्होजींचा सख्खा मुलगा ते आयतं घेऊ शकला नाही, तर साडेतीनशे वर्षांनंतर त्यांच्या "बरोबरीच्या" कुणाच्या तरी पणतवाला ते कुठून मिळणार?

शिवाजी महाराजांनी हे ओळखलं होतं. वतनदारांचे कोट, वाडे, हुडे पाडले, रयतेकडून परस्पर उकळणं बंद केलं, त्यांचे हक्क ठरवून दिले. सभासदानं हे लिहून ठेवलंय. पुढे राजाराम महाराजांच्या काळात माणसं धरून ठेवायला वतनं-इनामं पुन्हा वाटावी लागली, तिकडून औरंगजेबही वाटत होता. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात वतनदारांपासून सावध राहायला सांगितलं, कारण हे लोक स्वतःला नोकर नाही तर राज्याचे वाटेकरी समजतात. तीनशे वर्षांपूर्वीचं हे लिहिणं. आज ग्रामपंचायतीच्या ऑफिसात जाऊन बघा, काय बदललंय?

कायद्यानं बदललं, हे खरं. इंग्रजांनी १८७४ च्या कायद्यानं वंशपरंपरागत हुद्दे चालू ठेवले. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१८ साली कुलकर्णी वतन मोडलं आणि पगारी तलाठी नेमले. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या प्रश्नावर बिल आणलं. स्वातंत्र्यानंतर १ मे १९५१ पासून परगणा आणि कुलकर्णी वतनं गेली. १ फेब्रुवारी १९५९ पासून गावकामगारांची कनिष्ठ वतनं गेली. १ जानेवारी १९६३ पासून मुलकी पाटील गेले. पोलीस पाटलाच्या नेमणुकीला १९६७ च्या कायद्यानं शिक्षण, वय, वागणूक यांची अट आली. म्हणजे कागदावर सगळं मोकळं झालं. कुणाच्याही पोरानं परीक्षा द्यावी, तलाठी व्हावं. कुणाच्याही लेकीनं अर्ज भरावा, सरपंच व्हावं.

इथं माझ्या घरचं सांगतो, कारण दुसऱ्यांच्या घराण्यावर बोलतोय तर आपलंही उघडं करावं.

माझे वडील कोतवाल होते. शिरगावात नाही, पवन मावळातल्या एका गावात. त्यांच्या आधी आजोबा वतनाचंच काम करायचे. आमच्या वाट्याला हाडोळ्याची थोडी जमीन होती. आजोबांचं काम म्हणजे वसूल घेऊन चालत जाणं, दवंडी देणं, साहेब आला की पुढं पळणं, रात्रीबेरात्री निरोप पोचवणं. वतन गेलं त्या दिवशी पाटलाच्या घरात शोककळा होती म्हणतात. आमच्या घरात आजीनं गोडाचं केलं होतं. वतन हे काहींसाठी गादी होती आणि काहींसाठी गळ्यातला दोर, एवढं ध्यानात ठेवा.

वडील पगारी कोतवाल झाले. तलाठ्याचं दप्तर बगलेत मारून ते वडगावच्या कचेरीत कितीदा गेले असतील त्याचा हिशेब नाही. कुणाची जमीन कुठं, कुणाचा फेरफार कधी पडला, कुठला बांध कुणी सरकवला, सगळं तोंडपाठ. एकदा एका बड्या घरातल्या माणसानं त्यांना सांगितलं होतं की अमक्याला नोटीस पोचलीच नाही असं सांग, तुझं काम करून देतो. वडिलांनी नोटीस त्याच रात्री बॅटरी घेऊन जाऊन पोचवली. ते काही शूरवीर नव्हते. भ्यायले होते, आईला बोलून दाखवलं होतं. पण पोचवली. ज्याला पोचवली त्यानं मुदतीत हरकत घेतली म्हणून त्याची जमीन राहिली.

वडिलांची एकही पुरवणी निघाली नाही. त्यांच्या वाढदिवसाची तारीखसुद्धा आम्हाला नक्की माहीत नाही. आमचाही "महसूल खात्याचा वारसा" आहे की! तीन पिढ्या. पण मी कधी म्हणलो का, की त्यामुळं मला तहसीलदार करा? वडिलांचा चांगुलपणा त्यांच्याबरोबर गेला. मी तर पैशासाठी खोटं पान लिहिलं होतं. यावरून तरी वारशाचं कळायला हवं.

आता आजचं बोलू. आज मावळात पदाला एवढी किंमत का आली? जमिनीमुळं. एक्सप्रेस वे झाला, तळेगावची एमआयडीसी झाली, गहुंज्याला स्टेडियम झालं, पिंपरी-चिंचवड वाढत वाढत दारात आलं. जिथं भात पिकायचा तिथं गुंठ्याचा भाव विचारतात. आणि जमिनीचा प्रत्येक कागद कुठल्या ना कुठल्या पदावरून जातो. फेरफार धरला की नोटीस काढायची, पंधरा दिवस हरकतीला द्यायचे, मग मंडल अधिकारी मंजूर करणार. त्या पंधरा दिवसांत नोटीस पोचली की नाही यावर घरं उभी राहतात आणि बुडतात. ज्या हाडोळ्याच्या जमिनी नजराणा भरून परत दिल्या, सरकारच्या परवानगीशिवाय विकता येणार नाहीत अशी अट घातली, त्याही सुटल्या नाहीत. मुंढव्याच्या महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार २०२५ च्या नोव्हेंबरात केवढा गाजला ते तुम्ही टीव्हीवर बघितलंच. वतन मेलं, पण वतनाच्या जमिनीवरची नजर काही मेली नाही.

म्हणून पद घरात पाहिजे. आणि पद घरात ठेवायचं तर लोकांना पटवायला लागतं की ते आमच्याच घरात शोभतं. त्यासाठी पुरवणी. त्यासाठी फ्लेक्सवर तलवार, मागं किल्ला आणि कोपऱ्यात पणजोबांचा फेटेवाला फोटो. आरक्षण बाईला पडलं तर बायको उभी करायची आणि सह्या आपण करायच्या. राज्यात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत, आणि तरी "सरपंचपती" हा शब्द आपण हसत हसत वापरतो. हा शब्द म्हणजे वतनच, फक्त पॅन्ट-शर्टमधलं.

समोरच्या बाजूचंही ऐकून घेतो. दोन गोष्टी मला नेहमी सांगतात.

पहिली, "नवख्यापेक्षा घराण्यातला बरा, त्याला काम कळतं." बरं. मग त्याला विचारा ना काम! ग्रामसभा वर्षात किमान चार घ्याव्या लागतात, मागच्या वर्षी किती झाल्या आणि त्यात माणसं किती होती? ग्रामपंचायत कायद्याचं कलम १४ काय म्हणतं? पंचायतीच्या ठेक्यात सदस्याचा हितसंबंध असेल तर पद जातं, सरकारी जागेवर अतिक्रमण असेल तरी जातं, हे त्याला माहीत आहे का? काम कळत असेल तर ही उत्तरं तोंडावर पाहिजेत. पणजोबांचा फोटो हे त्याचं उत्तर नाही.

दुसरी, "आपल्या पूर्वजांचा अभिमान बाळगू नये का?" जरूर बाळगा. घरात बाळगा, देवघरात बाळगा. खरे कागद असतील तर जपा, वाळवी लागू देऊ नका, एखाद्या अभ्यासकाला दाखवा. मी स्वतः येईन, फुकट येईन, वाचायला मदत करीन. पण पूर्वजांचा अभिमान मतपेटीत टाकू नका. पूर्वज निवडणुकीला उभे नाहीत.

आणि दोष फक्त त्यांचाही नाही. आपलाही आहे. मार्च २०२२ मध्ये पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि पुढं तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच कारभार बघत होता. आपला निवडून दिलेला सदस्य नाही म्हणून किती लोकांनी आवाज केला? फार नाही. आपल्याला सवय लागलीये की कुणीतरी मोठ्या घरातला माणूस बघून घेईल. तो वरच्या साहेबाला फोन करील, आपलं काम होईल. आपण मत देत नाही, मुजरा करतो. मग समोरचा स्वतःला देशमुख समजला तर नवल काय?

आता माझा प्रस्ताव ऐका. मी पानं लिहायला तयार आहे. पूर्ण पान, फुकट. कुठल्याही उमेदवाराचं, कुठल्याही पक्षाचं. फक्त मथळा घराण्याचा नसेल, कामाचा असेल. मला कागद दाखवायचे. पदावर असताना किती ग्रामसभा घेतल्या त्याचं इतिवृत्त. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा कुठं खर्च झाला. ठेके कुणाला दिले आणि ते आपले कोण लागतात. पदावर यायच्या आधीची जमीन आणि नंतरची जमीन, दोन्ही सातबारे शेजारी शेजारी. आणि शेवटचं, पदाचा फायदा होत असताना तो सोडला असा एक तरी प्रसंग. एकच. कान्होजींनी अख्खं वतन सोडलं, तुम्ही एखादा प्लॉट सोडलेला दाखवा. तेवढ्यावर मी पहिली ओळ कान्होजींच्या नावानं सुरू करीन.

परवाच्या फोनवाल्या भाऊंना हे मी सांगितलं. ते म्हणाले, "दादा, मग पुरवणी कोण वाचणार?"

मला वाटतं, लोक वाचतील. शिरगावातलेही वाचतील. निदान तो एक माणूस नक्की वाचेल, ज्याची नोटीस अजून पोचलेली नाही.

पुढच्या ग्रामसभेला मी वही घेऊन येणार आहे. तुम्हीही या. पहिल्या रांगेत जागा नसली तरी चालेल, मागं उभं राहू. पण प्रश्न विचारू.